तीन वर्षांच्या आतलं मूल आणि कॅरिबियन क्रूझ: आधी जहाज ठरवा, बेटं नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं कुटुंब. मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची, जन्म अमेरिकेतला, डायपर अजून सुटलेला नाही. नवरा एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-4 या जोडीदाराच्या व्हिसावर. साताऱ्याहून सासू-सासरे आलेत, मार्चपर्यंत राहणार आहेत. जानेवारीत सगळ्यांनी मिळून कॅरिबियन क्रूझ करावी का? घराजवळच्या बेयॉनहून निघणारी आठवडाभराची घ्यावी की विमानाने फ्लोरिडाला जाऊन तिथून चढावं? आणि आजींना बोट लागेल का?

अमेरिकेतल्या मराठी घरांच्या क्रूझ ठरवून देणं हेच माझं बरीच वर्षं काम आहे, त्यामुळे आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. जरूर जा. पण फ्लोरिडाहून जा, चार किंवा पाच रात्रींसाठी जा, आणि माहितीपत्रकातल्या बेटांची नावं बघून जहाज ठरवू नका. या वयाच्या मुलीसाठी सहल म्हणजे जहाजच. तिला मेक्सिकोचं कोझुमेल आणि बहामाचं नसाऊ यातला फरक कळणार नाही. तिला कळेल ते पाण्यात खेळायला मिळालं का, दुपारी नीट झोप झाली का, आणि ताटात ओळखीचं काही आलं का.

पैसे भरण्याआधी मात्र पासपोर्ट काढून व्हिसाच्या स्टॅम्पवरची तारीख बघा. इथे फार घरं अडकतात. मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र, म्हणजे आय-797, हातात आहे, नोकरी चालू आहे, म्हणजे आपण कायदेशीर आहोत, हे बरोबर. पण ते अमेरिकेत राहण्यापुरतं. जहाज बहामाला लागलं की तुम्ही अमेरिकेबाहेर गेलात, आणि परत येताना पासपोर्टात चालू व्हिसा लागतो. ‘तीस दिवसांच्या आत परत आलं की जुना स्टॅम्प चालतो’ असं ओळखीतलं कुणीतरी सांगतं. तो नियम खरा आहे, पण एच-1बी आणि एच-4 वाल्यांसाठी तो फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरता आहे. शेजारच्या बेटांची सवलत एफ आणि जे, म्हणजे विद्यार्थी आणि एक्सचेंजच्या व्हिसावाल्यांना आहे, त्यातही क्युबा नाही. म्हणजे स्टॅम्प संपलेला असेल तर बहामाची क्रूझ तुमच्यासाठी नाही, मग ती तीन रात्रींची का असेना. ‘फक्त पोर्टो रिकोला जाऊन येऊ, तो तर अमेरिकेचाच भाग’ ही पळवाटही चालत नाही. ही मोठी जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याखाली नोंदलेली असतात, आणि 1886 च्या अमेरिकन कायद्यामुळे त्यांना अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परत येताना मध्ये एखाद्या परदेशी बंदराला थांबावंच लागतं.

सासू-सासऱ्यांचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही बघा. दहा वर्षांचा बी-2, म्हणजे पर्यटकांचा व्हिसा असेल तर तो बहुधा तसाच असतो. पण क्रूझ करून आल्यावर त्यांना आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, नवी सहा महिन्यांची मुदत मिळेल असं धरून चालू नका. मुलगी अमेरिकन नागरिक आहे. त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर तिला जन्मदाखल्यावर जाता येतं. तरी तिचा पासपोर्ट काढून घ्याच. मध्येच कोणी आजारी पडलं आणि कोझुमेलहून विमानाने परतायची वेळ आली, तर जन्मदाखल्यावर विमानात बसता येणार नाही. आणि भारतीय पासपोर्टवर प्रत्येक थांब्याला वेगळा व्हिसा लागतो का, हे कंपनीला बंदरांची नावं देऊन लेखी विचारा. आई किंवा बाबा यांपैकी एकच जण मुलाला घेऊन निघणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा.

आता जहाज. लहान मुलांच्या बाबतीत जहाजावर दोन रेषा असतात, आणि तुमची मुलगी दोन्हींच्या अलीकडे आहे. एक रेषा डायपरची, दुसरी तीन वर्षांची. (सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर बहुतेक कंपन्या घेतच नाहीत, आणि जिथे सलग बरेच दिवस जमीन लागत नाही अशा लांबच्या फेऱ्यांना किमान एक वर्ष लागतं. तो प्रश्न तुमचा नाही.)

डायपरची रेषा बहुतेकांना जहाजावर चढल्यावरच कळते. अमेरिकन बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या स्वच्छतेवर सीडीसी या अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेची नजर असते, आणि तिच्या नियमांनुसार शी-शू सांगता न येणाऱ्या मुलाला जहाजावरच्या साध्या तलावात उतरवता येत नाही. पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. कारण सरळ आहे. असा डायपर शू अडवत नाही आणि पातळ शीही पूर्ण अडवत नाही, आणि एकदा पाण्यात शी झाली की तो तलाव रिकामा करून, निर्जंतुक करून पुन्हा चालू करायला बराच वेळ जातो. एका कुटुंबाबरोबर मी स्वतः जहाजावर होते. पहिल्याच दुपारी लाल पोहण्याचा पोशाख, बाहूंवर फुगे, डोक्यावर टोपी अशा थाटात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा तलावाच्या पायरीवर एक पाय टाकून उभा होता, आणि तिथल्या कर्मचाऱ्याने वाकून, अगदी हळू आवाजात, आईला विचारलं, ‘डायपर आहे का?’ पुढचा अर्धा तास त्या मुलाने डेक डोक्यावर घेतला. बाकी सगळी मुलं पाण्यात, आणि तो काठावर. त्याला काय समजावणार? पुढचे सगळे दिवस आई-बाबा त्याला तलावाच्या बाजूने न नेता लांबच्या जिन्याने नेत होते.

म्हणून जहाज निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: डायपरवाल्या बाळांसाठी वेगळी पाण्याची जागा आहे का? रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर अशी जागा आहे, सगळ्यांवर नाही, त्यामुळे कंपनीचं नाव पुरत नाही, जहाजाचं नाव घेऊन विचारायचं. डिस्नेच्या जहाजांवर अशी सोय चांगली असते. कार्निव्हलवर डायपरवाल्या मुलांना पाण्यात मनाई आहे.

दुसरी रेषा तीन वर्षांची. मुलांना फुकट सांभाळणारे किड्स क्लब रॉयल कॅरिबियन आणि डिस्नेवर तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच घेतात. पुल-अप्स, म्हणजे चड्डीसारखे चढवायचे डायपरही चालत नाहीत. त्याखालच्यांसाठी डिस्नेवर आणि रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर पाळणाघर असतं, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, पण त्याला तासाचे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. संध्याकाळच्या वेळा पहिल्याच दिवशी भरून जातात. आगाऊ नोंदणी करता येत असेल तर घरूनच करा, नसेल तर जहाजावर पाय ठेवल्यावर जेवायच्या आधी तिथे जा. कार्निव्हल इथे उलट आहे: त्यांचा क्लब दोन वर्षांपासून घेतो आणि तिथले कर्मचारी डायपरही बदलतात. म्हणजे तुमच्या मुलीसाठी एका कंपनीत पाणी आहे पण फुकटचा क्लब नाही, दुसरीत क्लब आहे पण पाणी नाही.

मला विचाराल तर पाणी निवडा. दोन वर्षं चार महिन्यांची मुलगी अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेच्या माणसांकडे किती वेळ रमेल हे सांगता येत नाही, आणि आजी-आजोबा बरोबर असताना तिला दुसरीकडे सोडायची गरजही कमीच. पाण्यात मात्र ती रोज दोन तास खेळेल आणि नंतर गाढ झोपेल. आजी-आजोबा बरोबर नसते तर माझं उत्तर वेगळं असतं. तेव्हा मी म्हटलं असतं, सात-आठ महिने थांबा, तिला तीन वर्षं पूर्ण होऊ द्या, डायपर सुटू द्या. त्याच पैशांत सगळं जहाज तिच्यासाठी उघडं होईल आणि तुम्हा दोघांना संध्याकाळी निवांत जेवता येईल. पण सासू-सासरे आत्ता इथे आहेत, आणि नातीबरोबर समुद्रावर घालवलेले चार दिवस त्यांच्यासाठी फार मोठे असतील. त्यासाठी जानेवारीत जाणं मला पटतं.

बेयॉनचा मोह मी समजू शकते. तिथलं केप लिबर्टी बंदर घरापासून तासाच्या आत, विमानाचं तिकीट नाही, सामानाला मर्यादा नाही. पण जानेवारीत तिथून निघालेलं जहाज पहिला दीड-दोन दिवस थंड अटलांटिकमध्ये असतं. उघड्या डेकवर लहान मूल नेता येत नाही, पाण्यात खेळणं तर सोडाच. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरसच्या बाहेर हिवाळ्यात समुद्र खवळलेला असतो, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. आठवड्यातले तीन-चार दिवस मुलीला बंद जहाजात फिरवण्यात जातात. मे-जूनमध्ये विचारलं असतंत तर बेयॉनला मी हरकत घेतली नसती. जानेवारीत नाही.

मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनव्हेरल इथून संध्याकाळी निघालेलं जहाज दुसऱ्या सकाळी बहामात असतं. फ्लोरिडाला आदल्या दिवशी पोहोचा. नेवार्कला बर्फ पडून विमान रखडलं तर जहाज थांबत नाही. एक गोष्ट आधीच सांगते: जानेवारीत बहामाचा समुद्र कोकणातल्यासारखा कोमट नसतो. पाणी 23-24 अंशांच्या आसपास असतं आणि उत्तरेचा वारा सुटला की लहान मूल पाच मिनिटांत कुडकुडतं. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घ्या, तो उन्हालाही चालतो आणि गारठ्यालाही. समुद्रही कोमट हवा असेल तर अरुबा, कुरासाओ अशा दक्षिणेकडच्या बेटांपर्यंत जावं लागतं, पण त्या फेऱ्या लांबच्या असतात, या खेपेला नकोत. ऑगस्ट ते ऑक्टोबर मी लहान मुलांना टाळायला सांगते. चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर असला, तरी त्याचा जोर या महिन्यांत असतो. जहाज वादळात शिरत नाही, मार्ग बदलतं, आणि तुम्ही ठरवलेलं बेट गळून जातं.

थांब्यांपैकी एक तरी कंपनीचं स्वतःचं बेट असू द्या. रॉयल कॅरिबियनचं कोकोके, डिस्नेचं कास्टअवे के. दोन्हीकडे जहाज थेट धक्क्याला लागतं, स्ट्रोलर ढकलत उतरता येतं, जेवण बेटावरच मिळतं, आणि मूल कंटाळलं तर परत खोलीत यायला टॅक्सी लागत नाही. ग्रँड केमन किंवा बेलीझ सिटीला जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर न्यावं लागतं. स्ट्रोलर मिटून, मूल कडेवर, आणि आजींचा गुडघा! असा थांबा या सहलीत नको.

टॅक्सीचंही तसंच. कॅरिबियन बेटांवरच्या टॅक्सीत सहसा कारसीट नसते, आणि अमेरिकेत जी सुरक्षितता आपण रोज पाळतो ती सुट्टीत सोडायचं कारण मला कधी पटलेलं नाही. म्हणून चालत जाता येईल असा किनारा बघा. नसाऊला जंकनू बीच बंदरापासून पायी आहे. ग्रँड टर्कला तर धक्क्याच्या शेजारीच वाळू आहे. पैसे भरून घ्यायच्या सहली या वयात नकोत. चार तासांच्या बसमध्ये मुलीची झोप मोडते आणि मग संध्याकाळ सगळ्यांचीच जाते.

आणि एखाद्या बंदराच्या दिवशी उतरूच नका. लोक मला म्हणतात, पैसे भरून गेलो आणि बेट बघितलं नाही? अहो, त्या दिवशी हजारो माणसं खाली उतरलेली असतात. बाळांच्या पाण्याच्या जागेत दोन-तीन मुलं असतात. बुफेत रांग नसते. आजोबांना खुर्ची मिळते, तीही सावलीतली. किंवा सकाळी आठला उतरा, वाळूत दोन तास खेळू द्या, साडेअकराला जहाजावर परत या, जेवण, झोप. दुपारी चारला सगळे उन्हाने लाल होऊन परततात तेव्हा तुमची मुलगी झोपून उठलेली असते.

खोल्या दोन घ्या. तुमची बाल्कनीची, आजी-आजोबांची समोरची आतली. आतल्या खोलीला खिडकी नसते, भाडं बरंच कमी असतं आणि रात्री मिट्ट काळोख असतो. नातीची दुपारची झोपही तिथे उत्तम होते. तुमच्या खोलीला बाल्कनी हवी ती समुद्र बघण्यासाठी नव्हे. मुलगी आठला झोपते. बाल्कनी नसेल तर तुम्ही दोघं आठपासून अंधारात, कुजबुजत बसणार. बाल्कनीच्या दाराची कडी वर असते, पण तिथल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब ठेवा, आणि मुलीला तिथे एकटं एक क्षणही सोडू नका. जहाजाचा नकाशा उघडून तुमच्या खोलीच्या वर आणि खाली दुसऱ्या खोल्याच आहेत ना, हे बघा. खाली नाट्यगृह किंवा वर बुफे असेल तर पहाटे खुर्च्या सरकवण्याच्या आवाजाने मूल उठतं. पाळणा फुकट मिळतो, पण नोंदणी करतानाच मागून ठेवा. बहुतेक साध्या खोल्यांत नुसता शॉवर असतो. डिस्नेच्या बहुतेक खोल्यांत छोटा टब मिळतो. शॉवरला घाबरणारं मूल असेल तर फुगवायचा छोटा टब बॅगेत टाका. स्ट्रोलर छत्रीसारखा मिटणारा हवा. खोल्यांची दारं अरुंद असतात आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये तो ठेवू देत नाहीत.

खोल्या डेकच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खाली घ्या. हे आजींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर. जहाज मध्यावर आणि खाली सगळ्यांत कमी हलतं. मोठ्या जहाजांना पाण्याखाली हेलकावे कमी करणारे पंखही असतात, आणि फ्लोरिडा-बहामाचा टप्पा छोटा आहे. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोट लागण्याची शक्यता असते, तेव्हा महाबळेश्वरच्या रस्त्यावर आजींचं काय होतं ते आठवा. कानामागे चिकटवायची औषधी चकती वयस्कर माणसांना मी स्वतःहून कधी सुचवत नाही. तिने तोंड कोरडं पडतं, काहींना भ्रम होतो, काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालतच नाही. गोळी कुठली आणि किती, हे त्यांच्या बाकीच्या औषधांची यादी दाखवून डॉक्टरांना विचारा. आलेपाकाचं पाकीट न्यायला हरकत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना बोट सहसा लागत नाही, दोन ते बारा या वयात ती लागू शकते. तुमची मुलगी आत्ताच त्या वयात शिरली आहे. तिच्यासाठी काय द्यायचं ते निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार लिहून घ्या. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून देऊ नका.

जेवणाची काळजी सगळ्या आज्यांना असते, आणि तिचं निवारण सोपं आहे. इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर, इस्त्री यांना जहाजावर बंदी आहे, तपासणीत काढून घेतात. घरी शिजवलेलं अन्नही नेता येत नाही. त्यामुळे नाचणीची पेज विसरा, पण सातूचं पीठ सीलबंद पाकिटातून न्या. त्याला शिजवायला लागत नाही, दूध बुफेत मिळतं, चहाचं गरम पाणीही मिळतं. फॉर्म्युला पिणारं बाळ असेल तर सगळ्या दिवसांचा डबा घरून न्या. डायपर तर नक्की घरून, आणि रोजच्यापेक्षा जास्त. जहाजावरच्या दुकानात तुमच्या मापाचे मिळतील याचा भरवसा नाही, मिळाले तर महाग.

मुख्य जेवणघरात पहिली, म्हणजे साडेपाचच्या आसपासची पंगत घ्या. आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला सांगा की रोज एका लहान मुलीसाठी बिनतिखट वरण आणि मऊ भात लागेल, आणि दोघांना शाकाहारी भारतीय जेवण. ऐन जेवताना मागितलंत तर मिळणार नाही, किंवा घाईत काहीतरी येईल. आदल्या रात्री सांगितलंत तर मुदपाकखान्यात वेगळं शिजतं. या जहाजांवर भारतीय कर्मचारी भरपूर असतात. गोव्यात आणि तळकोकणात पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर काम करणारी घरं आहेत, गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. छातीवरच्या पट्टीवर नावाखाली देश लिहिलेला असतो. एकदा एका आजोबांनी तशी पट्टी वाचून सहज मराठीत विचारलं, ‘गाव कुठलं?’ तो मुलगा वेंगुर्ल्याचा निघाला. त्याच्या टेबलांत हे टेबल नव्हतंच, तरी दुसऱ्या संध्याकाळपासून तो भात आधी स्वतः बोटाने दाबून बघायचा, आणि मगच नातवासमोर ठेवायचा. भात कडक असला तर परत घेऊन जायचा. ही माणसं महिनोन्‌महिने घरापासून लांब, दिवसाचे दहा-दहा तास राबत असतात. त्यांच्याशी दोन शब्द आपल्या भाषेत बोला, आणि शेवटच्या दिवशी टिप हातात द्या, ठरलेल्या टिपेच्या वर.

ती ठरलेली टिप माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर पडते आणि बहुतेक ठिकाणी लहान मुलांनाही लागते. काही कंपन्या अगदी छोट्यांना सोडतात. मूल फुकट असं जाहिरातीत दिसलं तरी बंदर शुल्क आणि कर भरावेच लागतात, आणि बाळालाही पूर्ण प्रवासी म्हणून नोंदवावं लागतं, कारण जीवरक्षक नौकेत त्याचीही जागा मोजलेली असते. खोलीतल्या तिसऱ्या माणसाचं भाडं पहिल्या दोघांपेक्षा सहसा कमी असतं. इथे वाचलेले पैसे विम्यात घाला. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतात, पण बालरोगतज्ज्ञ सहसा नसतात, आणि तुमचा अमेरिकेतला आरोग्य विमा तिथे बहुधा चालत नाही. पैसे तिथेच भरावे लागतात. समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर खर्च हजारो डॉलरांत जातो. सासू-सासऱ्यांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा अमेरिकेबाहेर लागू आहे का, हे त्यांच्या पॉलिसीत शोधा.

जहाजावर उलट्या-जुलाबांची साथ आली तर ती बहुतेकदा नोरोव्हायरसची असते. बुफेच्या दारात सॅनिटायझर ठेवलेला असतो, पण अल्कोहोलचा सॅनिटायझर या विषाणूला पुरत नाही. साबण आणि पाणीच हवं. दोन वर्षांचं मूल जिन्याचे कठडे चाटतं, लिफ्टची बटणं दाबतं आणि तोच हात तोंडात घालतं. प्रत्येक खाण्याआधी हात साबणाने धुवा, आजी-आजोबांचेही. ओआरएसची पाकिटं, थर्मामीटर आणि तिचं नेहमीचं तापाचं औषध हातातल्या पिशवीत ठेवा. उलट्या सुरू झाल्या तर लपवू नका, दवाखान्यात कळवा. खोलीत थांबायला सांगतील, पण मूल लवकर सुकतं, आणि तिथे वेळेत उपाय होतो. सीडीसी जहाजांची अचानक तपासणी करून 100 पैकी गुण देते, 85 किंवा कमी म्हणजे नापास. हे अहवाल सगळ्यांना बघता येतात. ठरवलेल्या जहाजाचा शेवटचा अहवाल वाचा, मी प्रत्येक कुटुंबासाठी वाचते.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. लहान त्वचेला ते बरं, आणि सेंट थॉमससारख्या अमेरिकन व्हर्जिन बेटांवर ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळ वाचवण्यासाठी 2020 पासून बंदी आहे. पाण्याजवळ जीवरक्षक असो वा नसो, तुमच्यापैकी एकाने हाताच्या अंतरावर राहायचं, आणि तेव्हा फोन खोलीत ठेवायचा. कोणाची पाळी कधी, हे सकाळीच ठरवा. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय.

चढायच्या दिवशी लवकरची वेळ घ्या. मोठ्या बॅगा संध्याकाळपर्यंत खोलीत येत नाहीत, खोलीही दुपारी एकच्या सुमाराला उघडते. म्हणून पोहण्याचे कपडे, दिवसभराचे डायपर, औषधं आणि तिचं झोपायचं पांघरूण हातातल्या पिशवीत. सुरक्षेची सूचना झाली की तिच्या मनगटावर तुमच्या जमण्याच्या जागेचा क्रमांक लिहिलेली पट्टी बांधतात, ती शेवटपर्यंत काढू नका. तिच्या मापाचं लाइफ जॅकेट खोलीत नसेल तर तेव्हाच मागून घ्या.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या रात्रीतून नेतात. सकाळचे कपडे, डायपर, दुधाची बाटली आणि सगळ्यांचे पासपोर्ट बाहेर काढून ठेवा, मगच बॅगा बंद करा. सकाळी सहा-सातला जहाज लागतं, पण इमिग्रेशनच्या रांगेत भारतीय पासपोर्टवाल्यांना वेळ लागू शकतो, त्यामुळे परतीचं विमान दुपारी एकच्या आतलं घेऊ नका. आजींसाठी व्हीलचेअर हवी असेल तर ती आदल्या दिवशी सांगावी लागते, सकाळी ऐनवेळी मागितली तर तासभर थांबावं लागतं. व्हिसाच्या तारखा ठीक असतील तर मला जहाजांची दोन-तीन नावं कळवा, त्यांपैकी कुठल्या जहाजावर बाळांची पाण्याची जागा आहे आणि कुठली खोली घ्यायची, ते बघून सांगते.